निरंक

प्रक्षेपगतीचा धडा मी दरवर्षी खडू फेकून सुरू करते. अकरावीची पोरं निदान तेवढा वेळ तरी जागी राहतात. हातातून सुटलेल्या खडूला दोनच कामं माहीत असतात, मी सांगते, पुढे जायचं आणि खाली पडायचं. पुढे जाणारी गती खाली पडणाऱ्या गतीला काही विचारत नाही, खाली पडणारी पुढे जाणारीला विचारत नाही. दोघींच्या या अबोल्यातून हवेत जी वाकलेली रेघ उमटते, तिचं नाव अन्वस्त. आणि मग माझं आवडतं वाक्य येतं. या रेघेचा शेवट मिळाला, तर उलटं चालत फेकणाऱ्या हातापर्यंत पोचता येतं.

हे वाक्य मी पंधरा वर्षं फुशारकीने म्हणत आले. यंदा म्हटलं नाही. मुलांना त्यात काही वेगळं वाटलं नसेल.

चार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात गावोगाव 'उगम'चे खांब लागले. खांबावर लहानसं रडार. दगड, बाटली, बिघडलेला ड्रोन, हवेतून काहीही येऊन पडलं की त्याचा शेवटचा दीड सेकंद ते टिपतं. त्यावरून जागा आणि वेग मिळतो. मग उगम तीच रेघ उलटी चालत जातं. वाटेत हवेने जो वेग खाल्ला असेल तो क्षणाक्षणाला परत जोडत जातं. म्हणजे मागे जावं तसा दगडाचा वेग वाढत जातो. त्या रेघेवर, हाताच्या टप्प्यात, जिथे पहिला माणूस सापडेल तिथे उगम थांबतं आणि खिशातल्या फोनवरून त्याचं नाव काढतं. माणूस सापडलाच नाही आणि वेग सेकंदाला अडतीस मीटरच्या वर गेला, तरीही थांबतं, कारण एवढ्या वेगाने साध्या माणसाचा हात दगड फेकू शकत नाही. दंगली, भांडणं, रस्त्यावरची दगडफेक यात या यंत्राने कमाल केली. पळून जाणारा पळायच्या आत सापडू लागला.

पण न्यायालय म्हणालं, यंत्राच्या अहवालाखाली माणसाची सही पाहिजे. म्हणून भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना 'प्रमाणक' केलं गेलं. आमच्या तालुक्याची प्रमाणक मी, हेमलता ठेंगील. पुण्याला तीन दिवस प्रशिक्षण झालं, गळ्यात ओळखपत्र आलं, गावात मान वाढला. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

शेवटच्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला होता. अकरावा रकाना होता, 'तालुक्यात प्रचलित असलेली फेकीची स्थानिक साधने'. मी लिहिलं, निरंक. पुढे दर जानेवारीत तोच फॉर्म पडद्यावर यायचा आणि खाली एक बटण असायचं, 'मागीलप्रमाणे'. मी ते दाबायची.

---

फेब्रुवारीच्या आठ तारखेला दुपारी चारच्या सुमारास बोरगव्हाणच्या रस्त्यावर औदुंबर चेळेकर मोटरसायकलवरून उतरून फोनवर बोलत उभा होता. दगड त्याच्या कानशिलावर लागला. चौथ्या दिवशी तो गेला. चौतीस वर्षांचा होता.

बोरगव्हाण माझं माहेर. औदुंबर शाळेत माझ्या मागे सात-आठ वर्षं. पण अहवाल समोर आला तेव्हा मी माहेर बाजूला ठेवलं आणि आकडे बघितले. पडताना वेग सत्तावीस. उलटं साठ मीटर मागे गेलं की गावची पाण्याची टाकी. रेघ टाकीच्या माथ्यावरून जात होती, तिथे वेग चौतीस. चौतीस म्हणजे तरण्या, बळकट हाताला जमेल इतका. आणि टाकीवर त्या वेळी माणूस होता. बिभीषण काळुंगे, पाण्याची पातळी सांगणारं यंत्र दुरुस्त करायला चढलेला. त्याच्या दोनच दिवस आधी जत्रेच्या बैठकीत औदुंबरने त्याच्या कानाखाली वाजवली होती. सगळ्या गावासमोर.

आता यात बघायचं काय राहिलं? मी सही केली.

बिभीषण माझा विद्यार्थी. हुशार नव्हता, पण प्रश्न विचारायचा. सही करताना वाईट वाटलं नाही असं नाही. पण आकडे विद्यार्थी बघत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्याचाही मला थोडा अभिमान वाटला.

---

सहीनंतर चौदाव्या दिवशी त्याचा निरोप आला, मॅडमना एकदा भेटायचंय. कोठडीच्या जाळीपलीकडे तो उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मॅडम, नमस्कार करतो, पाया पडता येत न्हाई हितनं."

"असू दे. बोल."

"मी तुमच्यावर राग धरलेला न्हाई. एवढंच इचारायचंय. टाकीवर गोटा कुठनं आणला असंल मी?"

"गोटा?"

"औदुंबरला लागला तो. पंचनाम्यात लिवलंय, गुळगुळीत गोल गोटा. नदीतला असतो तसला. माझ्या पिशवीत पकड, पाना आन् टेप. नदी दोन कोस लांब." तो थांबला. "आन् दुसरं, अहवालात वारा लिवलाय. मॅडम, त्या दिवशी पान हालत नव्हतं. वर टाकीवर घामानं निथळत होतो मी."

मी दोन्ही मुद्दे पर्समधल्या कागदावर लिहून घेतले.

"तुम्हीच शिकवलंय. उलटं चालत गेलं की हात सापडतो. मग एकदा नीट चालत जावा की माघारी. माझा हात असंल तर मला फाशी द्या."

मी बघते म्हणाले. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली, ती उलटी लावली होती.

---

कॉलेजची प्रयोगशाळा दुपारी रिकामी असते. मी अहवालाच्या पोटातले मूळ आकडे काढले. सही करणारे ते सहसा काढत नाहीत. मीही काढले नव्हते.

दगडाच्या रेघेत एक आडवा बाक होता. फेकलेली वस्तू वरखाली वाकते, पण डावी-उजवीकडे तिला कुणी ओढत नाही, म्हणून ती एकाच उभ्या पातळीत राहायला हवी. हा दगड शेवटच्या टप्प्यात हळूहळू उजवीकडे सरकत होता. उगमने तो फरक वाऱ्याच्या नावावर टाकून दिला होता. मी तालुक्याच्या हवामान केंद्राची नोंद बघितली. आठ फेब्रुवारी, दुपारी चार, वारा शांत.

वारा नसताना आडवं वळण एकाच कारणाने येतं. वस्तू स्वतःभोवती गरगर फिरत असली की. फिरणारा पृष्ठभाग एका बाजूची हवा आपल्यासोबत ओढतो, दुसऱ्या बाजूची अडवतो, आणि हवा त्या वस्तूला बाजूला ढकलते. क्रिकेटच्या चेंडूचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण हाताने फेकलेला गोटा एवढा फिरत नाही. एवढा फिरायला तो आधी दोरीच्या टोकाला गरगर फिरलेला असावा लागतो.

गोफण.

हा शब्द मनात आला आणि मला पुण्याचा तो हॉल आठवला. शेजारी बसलेली बाई इंग्रजीत शिंकत होती म्हणा ना, इतकी सफाईदार. अकराव्या रकान्याशी माझं पेन थबकलं होतं. मी जोंधळ्याच्या रानातली. मंगळवेढ्याकडच्या काळ्या जमिनीत वाढलेली. माझी आई रानातल्या मचाणावर, माळ्यावर, उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची आणि शाळेत मला पोरं 'पाखरवाली' म्हणून चिडवायची. त्या हॉलमध्ये मला गोफण हा शब्द लिहायची लाज वाटली. आणि आता गोफण आहेच कुणाकडे, असंही वाटलं, सगळे पाखरं हाकायला ड्रोन उडवतात. म्हणून निरंक.

हात अडतीसच्या वर फेकत नाही हे खरं. पण गोफण हाताची लांबी वाढवते. तिचा दगड पंचेचाळीस, पन्नाससुद्धा गाठतो. मी मर्यादा काढून टाकली आणि उगमला टाकीवर न थांबता मागे चालायला लावलं. रेघ टाकीवरून तशीच मागे गेली, खाली उतरत. वेग सदतीस, चाळीस, त्रेचाळीस. टाकीपासून पंचावन्न मीटरवर, जमिनीपासून साधारण पाच मीटर उंचीवर, वेग पंचेचाळीस. टाकीमागचा तुकडा. आमचा. तीन मीटर उंच माळा आणि त्यावर उभं राहून डोक्यावर फिरवलेला हात.

त्या हंगामात ड्रोनला पाखरं भीक घालेनात म्हणून आईने दिवाळीत नवी गोफण वळली होती. मी स्वतः ती खुंटीला लटकलेली बघितली होती आणि जानेवारीत 'मागीलप्रमाणे' दाबलं होतं.

तरीही मी वाट शोधत होते. गडी असेल, शेजारचा कुणी असेल. पण तो बाक उजवीकडे होता. उजव्या हाताने फिरवलेल्या गोफणीचा दगड डावीकडे कलतो. उजवीकडे कलतो तो डावखुऱ्याचा. लहानपणी आई मला शिकवायची, 'थव्याच्या जरा डावीकडं बघून मार.' मी तशी मारायची आणि माझा दगड आणखीच डावीकडे जायचा, कारण मी उजवी. आई हसून लोळायची. का चुकतो ते दोघींनाही तेव्हा कळलं नव्हतं. मला ते एम.एस्सी.ला कळलं. आईला अजून माहीत नाही.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आईसाठी की बिभीषणसाठी, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

---

नियम असा की सहीपासून एकवीस दिवसांच्या आत प्रमाणकाला हरकत घेता येते. त्यानंतर अहवाल पक्का. आणि नुसती हरकत चालत नाही, सुधारित उगम द्यावा लागतो. म्हणजे 'बिभीषण नव्हे' एवढंच म्हणायची सोय नव्हती. कोण, ते लिहावंच लागणार.

धनंजयला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दुसऱ्या कुणाला कळेल हे?"

"आकडे काढून बघितले तर."

"कोण काढणार? चार वर्षांत तूच पहिल्यांदा काढलेस." मग हळूच म्हणाला, "हेमा, एकाहत्तर वर्षांची बाई. कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार तिला? तू निरंक लिहिलं होतंस ना? मग निरंकच राहू दे."

तो दुष्ट माणूस नाही. माझ्या आईवर त्याचा माझ्याहून जास्त जीव आहे. मला त्याचं म्हणणं पटलं असतं तर बरं झालं असतं. अर्धं पटलंही. सोळावा, सतरावा, अठरावा असे तीन दिवस मी काहीच केलं नाही. वर्गात घर्षण शिकवलं.

---

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बोरगव्हाणला गेले. आई, चंपाबाई मेटकरी, अंगणात हुरड्याची कणसं चोळत बसली होती. गोफण खुंटीवर नव्हती, तिच्या मांडीशी पडलेली होती.

"आज मधल्याच वारी गं? कॉलेज न्हाई व्हय?"

"सुट्टी घेतली."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पण माझं तोंड तिला तेवढ्यातही वाचता येतं.

"काय झालं?"

"आई, औदुंबरला लागलं त्या दिवशी तू माळ्यावर होतीस?"

तिचा हात थांबला. "होते की. येक दगूड हातातनं भलताच सुटला हुता. हाताला कळतंय. जोंधळ्यावरनं गेला आन् दिसंना झाला. म्हटलं, पडला असंल कुठं. मग सांजच्याला आरडावरडा आयकला." तिने पदराने तोंड पुसलं. "दोन दिस घास उतरला न्हाई गं. कुणाला सांगावं कळंना. तुला फोन लावायला घेतला आन् ठेवला."

"का ठेवलास?"

"तवर तुजी सही आली. समदं गाव म्हणाया लागलं, हेमलताबाईंनी हिशेब केला, दगूड टाकीवरनं आला. म्हटलं, माजी लेक हिशेबात चुकायची न्हाई. हाताला काय कळतंय? म्हातारा हात. बिरोबाला नारळ फोडला आन् गोफण परत घेतली." ती माझ्याकडे बघून थोडं हसली. "तुज्या सहीनं झोप लागली मला."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने आपल्या हाताचं म्हणणं खोटं मानलं होतं, माझ्या सहीपायी.

"आई, हिशेब चुकला," मी म्हणाले. "माझाच चुकला. दगड तुझा होता."

हुरड्याचे दाणे तिने सुपात सारखे केले, पुन्हा विस्कटले, पुन्हा सारखे केले. औदुंबरच्या बायकोला भेटायला ती दोनदा जाऊन आली होती. तिच्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

"त्या बिभीषणाला कवा सोडत्याल?" तिने विचारलं.

"मी हरकत घेतल्यावर. पण तुझं नाव लिहावं लागेल. आणि तुला फेकून दाखवावं लागेल, त्यांच्यासमोर."

"मग लिव की. कशाची वाट बघत व्हतीस?"

आईने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवशी तिने मला जेवून जा म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

---

विसाव्या दिवशी हरकत दाखल केली आणि पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक ठरलं. शहरातून तिघे तंत्रज्ञ आले. औदुंबर पडला होता तिथे त्यांनी वाळूचं पोतं उभं केलं. त्यांचा प्रमुख, वाघचौरे नावाचा तरुण, रेघ जवळून बघायची म्हणून हेल्मेट घालून टाकीवर चढला. खाली गाव जमलं होतं. औदुंबरची बायको आली होती. बिभीषणलाही आणलं होतं, दोन शिपायांमध्ये.

"आजींना एवढं लांब जमणार नाही हो," एक तंत्रज्ञ मला म्हणाला. त्यात कीव होती, आणि थोडी आशाही. "दगड तिथपर्यंत पोचला नाही तर तुमची हरकत आपोआप निकालात निघते. तुम्हालाही काही त्रास नाही."

मी आईसोबत माळ्यावर चढले. तिने गोफणीची कडी करंगळीत अडकवली, खळग्यात नदीतून आणलेला गुळगुळीत गोटा ठेवला, डावा हात सैल सोडला. मग ती डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत राहिली.

"हेमे, पोतं नीट दिसंना मला. कुठं बघून मारू?"

पोतं टाकीच्या खांबाच्या बरोबर मागे, लांब रस्त्यावर, उन्हात होतं. मी फक्त म्हणायचं होतं, सरळ पोत्याकडे बघ. दगड उजवीकडे दोन मीटर सरकून बाभळीत गेला असता. आई घरी आली असती. तिला कधी कळलंही नसतं. माझ्या ओठांवर ते वाक्य आलं होतं, हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे ते लिहायला रकाना नाही.

"खांबाच्या डाव्या कडेला बघ," मी म्हणाले. "नेहमीसारखं, जरा डावीकडं."

"तेच म्हटलं," आई म्हणाली.

गोफण तीनदा फिरली. दगड टाकीवरून गेला, वाघचौरेने झटकन डोकं खाली घेतलं, आणि पोत्यातून वाळूची धार लागली.

तंत्रज्ञाच्या हातातल्या पडद्यावर उगमने आपल्या जुन्या नियमाने निकाल दिला. रेघ टाकीवर थांबली होती. खाली नाव होतं, व्यक्ती आढळली, वाघचौरे. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग औदुंबरच्या बायकोकडे लक्ष गेलं आणि सगळे गप्प झाले. बिभीषण दोन शिपायांमध्ये खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई माळ्यावरच उभी होती. गोफण तिने गुंडाळून माझ्या हातात दिली.

---

बिभीषण सुटला. तो मला रस्त्यात भेटतो, नमस्कार करतो, थांबत नाही. आईवर निष्काळजीपणाचा खटला आहे, तारखा पडतात. औदुंबरची बायको तिला ओळख देत नाही. त्यात तिचं काही चुकत नाही. टाकीमागच्या तुकड्यात यंदा पाखरांनी जोंधळा अर्धा रिकामा केला आणि आईने तिकडे बघितलंही नाही.

उगमला आता गोफण कळते. राज्यभरच्या खांबांत ती घातली गेली, डावी आणि उजवी वेगळी. गोफणीच्या दगडाचा वेग किती, तो किती वळतो, हे सगळं त्या दिवशीच्या एका फेकीवरून घेतलं आहे. म्हणजे इथून पुढे कुणाच्याही गोफणीतून दगड सुटला की तो आधी माझ्या आईच्या हाताशी ताडून बघितला जाणार. दोन जिल्ह्यांत जुने निकाल पुन्हा उघडले आहेत. आणि गोफणीची नोंद पोलिसांत करावी, असा आदेश निघाला आहे. माळ्यावरच्या बाया आता ओळखपत्र घेऊन पाखरं हाकतील.

मी प्रमाणक राहिले. काढतील असं वाटलं होतं, पण उलट सत्काराचं पत्र आलं. ते मी आईला दाखवलं नाही.

या जानेवारीत फॉर्म आला. अकराव्या रकान्याखाली आता आणखी दोन ओळी आहेत, 'माहिती देणाऱ्याचे नाव' आणि 'प्रमाणकाशी नाते'. शेवटी तेच बटण, मागीलप्रमाणे. माझ्या हरकतीवरून सगळं आधीच भरलेलं होतं, नुसतं दाबायचं. मी ते खोडून रिकामं केलं आणि पुन्हा एकेक अक्षर लिहिलं. गोफण. चंपाबाई मेटकरी. आई.